वर्दी कापलेला फ्लेक्स

पंचेचाळिशी ओलांडलेली बाई रविवारी डोळ्यांवर जाड चष्मा चढवते, हातात प्लास्टिकची बंदूक घेते आणि पत्र्याच्या शेडमध्ये रांगते, हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग हळूच विचारतात, घरी सगळं ठीक आहे ना? घरी सगळं ठीक आहे. नवऱ्याला रविवारी झोप हवी असते आणि मला माणसं हवी असतात, एवढंच.

मी शिरवळच्या एका कारखान्यात क्वालिटी बघते. दुसऱ्यांनी केलेल्या कामात खोट काढणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. घरात हा गुण दोष म्हणून ओळखला जातो. काही वर्षांपूर्वी कंपनीने आम्हाला महाबळेश्वरला सहलीला नेलं. पाऊस असा कोसळत होता की हॉटेलच्या बाहेर पाऊल टाकता येईना. मग हॉटेलवाल्याने वेळ काढायला म्हणून मोठ्या हॉलमध्ये एअरसॉफ्ट नावाचा खेळ लावला. खऱ्यासारखी दिसणारी खोटी बंदूक, आत स्प्रिंग, आणि बाहेर येतात ते प्लास्टिकचे छोटे गोल मणी. दोन टोळ्या करायच्या, लपायचं, नेम धरायचा. मणी अंगाला लागला की चिमटा काढल्यासारखं होतं, पण लागला हे दुसऱ्याला दिसत नाही. ज्याला लागला त्याने स्वतःच ‘लागला’ म्हणायचं, हात वर करायचा आणि निमूटपणे बाहेर जाऊन बसायचं. पंच नाही, कॅमेरा नाही. मला हा खेळ आवडला तो या एका गोष्टीसाठी. ज्यांच्या सही-शिक्क्यांवर माझा वर्षानुवर्षं विश्वास बसला नव्हता अशी आमच्या कारखान्यातली माणसं तिथे ‘लागला, लागला’ म्हणत स्वतःहून बाहेर पडत होती.

सहलीवरून आलो आणि आमचा दहा-पंधरा जणांचा गट जमला. खेळ आला तसे नियम आले आणि नियम म्हटल्यावर ते माझ्याच गळ्यात पडले. चष्म्याशिवाय आत पाऊल नाही, मग तो साहेब असो नाहीतर शिपाई. बंदुकीच्या तोंडाशी नारिंगी टोपण असलंच पाहिजे, म्हणजे लांबूनही खेळणं कळतं. बंदुका येता-जाता पिशवीत, आणि पिशवी गाडीच्या डिकीत. जिथे खेळायचं तिथल्या शेजारपाजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवायचं, नाहीतर एखादी म्हातारी पत्र्यावरचा टपटप आवाज ऐकून हाय खायची. हे सगळं पाळलं जातं की नाही ते बघायला आमच्याकडे सुभेदार होते. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले आणि आता आमच्याच कारखान्याच्या गेटची सगळी सुरक्षा सांभाळणारे. ते खेळत नसत. शिट्टी गळ्यात अडकवून खुर्चीवर बसत आणि कुणी चष्मा कपाळावर सरकवला की शिट्टी मारत.

एक नियम मात्र आम्ही नंतर केला. शिरवळला महामार्गाच्या कडेला एका बंद गोदामात आम्ही खेळत होतो. आमच्यातल्या एकाने छातीवर मोठ्या अक्षरांत ‘पोलीस’ लिहिलेलं जाकीट मागवलं होतं. मधल्या सुट्टीत तो तसाच टपरीवर चहाला गेला. टपरीसमोर एक ट्रक उभा होता. ड्रायव्हरने याला पाहिलं, तोंडातला घास तसाच ठेवून उठला, केबिनमधून कागदांची पिशवी काढली आणि समोर येऊन उभा राहिला. “सायेब, समदे कागद हायत. बघून घ्या.” आमचा गडी खो खो हसला. “आवं, खेळ हाय ओ.” ड्रायव्हरही हसला, कारण सगळेच हसत होते. पण परत पिशवीत घालताना त्याच्या हातून कागद दोनदा खाली सांडले, ते मी पाहिलं आणि सुभेदारांनीही पाहिलं.

परत येताना सुभेदार म्हणाले, “मॅडम, हा माणूस आता पुढच्या वेळी खऱ्या पोलिसाला हसेल, नाहीतर खोट्याला घाबरेल. दोन्ही वाईट.” त्या दिवसापासून नियम झाला. पोलीस नाही, फौज नाही, कुठलंही चिन्ह नाही, बिल्ला नाही, फीत नाही. एका टोळीच्या दंडाला पिवळी पट्टी, दुसऱ्या टोळीच्या निळी. संपलं.

माझं माहेर तासगावकडचं. धाकट्या भावाची द्राक्षबाग आहे आणि बेदाण्याची शेड आहे. बेदाणा उन्हाळ्यात होतो. तेव्हा शेडमध्ये एकावर एक जाळ्यांचे थर बांधलेले असतात आणि त्यावर द्राक्षं वाळत पडलेली असतात. हंगाम सरला की तीच शेड रिकामी पडते. लांबलचक, दोन्ही बाजूंना हिरव्या जाळीचे पडदे, मध्ये लोखंडी खांबांच्या रांगाच रांगा, आणि वाऱ्याला अजून बेदाण्याला दिलेल्या गंधकाच्या धुरीचा वास. लपायला याहून चांगली जागा मी पाहिलेली नाही. पावसाळा सरत आला की आम्ही दोन गाड्या भरून तिकडे जातो. वहिनी सकाळी पिठलं-भाकरी करते, भाऊ “आक्का, या वयात काय गं ह्ये” असं म्हणतो आणि दिवसभर जाळीला नाक लावून खेळ बघतो.

त्या वर्षीची गोष्ट वेगळी होती. भावाची मुलगी पोलीस भरतीत लागली होती. दोन वर्षं ही पोरगी पहाटे कालव्याच्या रस्त्यावर पळत होती. कुत्री मागे लागली, पाय मुरगळला, एकदा मैदानी चाचणीत थोडक्यात मागे पडली आणि घरी येऊन गोठ्यात बसून रडली. पुन्हा पळाली. या वेळी यादीत नाव आलं. कागद तपासून झाले, वैद्यकीय तपासणी झाली. राहिलं होतं ते एवढंच की ठाण्यातून कुणीतरी गावात येणार, चार माणसांना विचारणार, पोरगी कशी आहे, काही भानगड, काही गुन्हा आहे का, आणि मग नेमणुकीचा कागद हातात पडणार. तो पडेपर्यंत ती पोलीस नव्हती. हे तिला पक्कं ठाऊक होतं. गावाला ठाऊक नव्हतं आणि माझ्या भावाला ठाऊक करून घ्यायचं नव्हतं.

त्या रविवारी सुभेदार एका लग्नाला गेले होते. कारखान्यात नव्याने लागलेला एक इंजिनीयर पहिल्यांदाच आमच्याबरोबर आला होता आणि येताना पिशवीभर सामान घेऊन आला होता. चिकटवायच्या ‘पोलीस’ पट्ट्या आणि खांद्यावर लावायच्या दोन-दोन ताऱ्यांच्या फिती. “मॅडम, चोर-पोलीस खेळू. नुसत्या पट्ट्या बांधून मजा येत नाही.” मी नाही म्हटलं. पुन्हा नाही म्हटलं. मग सगळेच त्याच्या बाजूने झाले. शेडच्या आतच आहे ना मॅडम, बाहेर कोण बघतंय, जाळी आहे, भिंती आहेत, हायवे थोडाच आहे. एकटीने पंधरा जणांशी भांडून मी रविवार नासवणार असा रंग दिसला तेव्हा मी अट घातली. दाराशी बिस्किटांचा रिकामा डबा ठेवला. बाहेर पाऊल टाकण्याआधी प्रत्येक पट्टी, प्रत्येक फीत डब्यात पडली पाहिजे. आणि मी दाराशी उभी राहणार.

भावाची मुलगी बघायला आली होती. तिला कुणीतरी ‘पोलीस’ पट्टी चिकटवलेलं जाकीट घातलं, कुणीतरी खांद्याला फिती लावल्या. ती म्हणाली, “न्हाई ओ, माझी ऑर्डर कुठं आली हाय अजून.” “येतीया की, हाय काय न् न्हाई काय,” असं म्हणून त्यांनी तिच्या हातात बंदूकही दिली. ती हसली. भावाने जाळीच्या आत येऊन मोबाईलवर फोटो काढला. खेळ झाला, सगळे बाहेर पडले, पट्ट्या डब्यात पडल्या. मी डबा बंद केला, वर रबर लावलं आणि परतीच्या वाटेवर स्वतःवर खूश होते. कुणीही ते चिन्ह लावून शेडच्या बाहेर गेलं नव्हतं. गेला होता तो फोटो.

त्याच आठवड्यात एका सकाळी कारखान्यात कामावर पोचते न पोचते तोच मोबाईलवर माहेरच्या एका नातेवाइकाने चित्र पाठवलं. आमच्या गावच्या चौकात, पिंपळाच्या पाराशेजारी, माणसाच्या दुप्पट उंचीचा फ्लेक्स. मधोमध माझी भाची. छातीवर ‘पोलीस’, दोन्ही खांद्यांवर दोन-दोन तारे, हातात बंदूक. मागे कुठल्याशा बर्फाच्या डोंगरांचं चित्र, का ते विचारायचं नाही. वर ‘पोलीस दलात निवड झाल्याबद्दल आमच्या वाघिणीचे हार्दिक अभिनंदन’. खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांची रांग. सरपंच, सोसायटीचे चेअरमन, मंडळाची सगळी पोरं, माझा भाऊ फेटा बांधून. आणि शेवटच्या कोपऱ्यात मी, खेळाच्या चष्म्यासकट. त्या चष्म्यात मी विहिरीत उतरणाऱ्या पाणबुड्यासारखी दिसत होते.

मी हसू की डोकं धरू, असं झालं. तेवढ्यात भाचीचा फोन आला. आवाज अगदी बारीक. “आत्या, बघितलंस?”

“बघितलं. कुणी केलं हे?”

“मंडळाच्या पोरांनी. पप्पांनी फोटो दिला. काल संध्याकाळी लावला. मी म्हनलं काढा, कुणी ऐकंना.” मग जरा थांबून म्हणाली, “आत्या, आज चौकशीला हवालदार येनार हायत. दुपारच्या आत येतो म्हनलेत.”

 ज्या पोरीची वर्तणूक तपासायला पोलीस येणार, तीच पोरगी नेमणुकीआधी फौजदाराचे तारे लावून, हातात बंदूक घेऊन चौकात उभी. पोलिसाचा वेष करून मिरवलं असं कुणी मनावर घेतलं तर? नुसता एक शेरा पडला तरी पुरे होता. दोन वर्षांचं पळणं त्या एका वाक्यात बुडालं असतं. मी रजा टाकली, गेटवर जाऊन सुभेदारांना फोटो दाखवला. त्यांनी तो लांब धरून पाहिला. “बंदूक आणि बिस्किटांचा डबा गाडीत घ्या,” ते म्हणाले. “विचारलं तर दाखवायला लागेल.” आणि स्वतः माझ्या शेजारी येऊन बसले.

खंबाटकीचा घाट मागे पडेपर्यंत मी भावाला शिव्या देत होते. सातारा आलं तेव्हा त्याला फोन लागला.

“उतरव तो फ्लेक्स आधी,” मी म्हटलं.

“आक्का, आसं कसं उतरवू? मानानं लावलाय गावानं. नारळ फोडलाय.”

“हवालदार येतोय रं आज.”

“म्हनून तर. येऊ दे की. बघंल त्योबी, गावात पोरीला किती मान हाय.”

मी कपाळावर हात मारला. सुभेदारांनी स्टिअरिंगकडे बोट दाखवलं म्हणून हात परत तिकडे नेला. भावाला मी समजावलं, मग ओरडले, मग पुन्हा समजावलं. त्याला हळूहळू कळलं असावं, कारण त्याचा आवाज उतरला. पण उत्तर तेच. “आक्का, मानसांची तोंडं हायत त्याच्यावर. सरपंचाचं हाय, चेरमनचं हाय. एका दिवसात उतरवला तर म्हनतील, पोरगी लागली आन् आमची तोंडं नको झाली. मला गावात ऱ्हायचं हाय.”

हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. आमच्याकडे फ्लेक्स म्हणजे नुसता कापड-कागद नसतो. त्यावर ज्याचा चेहरा आहे तो माणूसच जणू तिथे उभा असतो. वाढदिवस होऊन जातो, निवडणूक होऊन जाते, ऊन-वाऱ्याने चेहरे पांढरे पडतात, पण तो उतरवायचा मान ज्याने लावला त्याचा. दुसऱ्याने हात लावला की भांडण. दोन भावकीतलं बोलणं एका फ्लेक्सच्या दोरीवरून तुटलेलं मी स्वतः पाहिलं आहे. माझा भाऊ घाबरट नाही, पण तो त्या गावात राहतो.

कराड सोडून तासगावच्या रस्त्याला लागलो. भाचीला फोन केला तर ती उचलेना. वहिनी उचलेना. मी गाडी चालवत होते आणि डोक्यात सारखा तो ड्रायव्हर येत होता, कागदांची पिशवी घेऊन उभा राहिलेला. नियम मी केला होता तो त्याच्यासाठी, अनोळखी माणसासाठी. घरच्या माणसासाठी तो लागेल असं माझ्या ध्यानीमनी नव्हतं. हल्ली मैदानाला भिंत घालून भागत नाही, प्रत्येकाच्या खिशात एक दार असतं.  सुभेदार एकदाच म्हणाले, “पोरगी कशी आहे?” मी म्हटलं, “चांगली आहे.” “मग हळू चालवा,” ते म्हणाले.

चौकात पोचलो तेव्हा पाराजवळ मोटारसायकल उभी होती आणि पारावर खाकीतले हवालदार बसले होते. पन्नाशीचे, मिशा पिकलेल्या, हातात चहाचा कप. समोर माझा भाऊ हात बांधून उभा. शेजारी वहिनी, डोक्यावर पदर, डोळे खाली. मंडळाची पोरं लांब उभी. मी गाडीतून उतरले आणि आधी वर पाहिलं.

फ्लेक्स जागेवर होता. बर्फाचे डोंगर होते, अभिनंदन होतं, सरपंचांपासून माझ्यापर्यंत सगळे चेहरे आपापल्या जागी होते. मधोमध भाचीचा हसरा चेहराही होता. पण गळ्याखाली काहीच नव्हतं. खांदे, तारे, जाकीट, बंदूक, सगळं कडेकडेने नीट कापून काढलेलं होतं आणि त्या भोकातून पलीकडचा पिंपळ दिसत होता. वारा आला की पानं हलत, आणि वर तिचं तोंड हसत असे.

नंतर कळलं ते असं. आम्ही वाटेत असतानाच भाची बागेतली शिडी आणि द्राक्षाच्या छाटणीची कात्री घेऊन निघाली होती. तिच्या आईने तिला दारात अडवलं. जित्या माणसाच्या फोटोला कात्री लावत नाहीत, असं वहिनीचं म्हणणं. दोघी तिथेच वाद घालत उभ्या राहिल्या. शेवटी वहिनी म्हणाली, “तोंडाला लावू नगंस. गळ्याच्या खाली काय करायचं त्ये कर,” आणि स्वतः चौकात येऊन शिडी धरून उभी राहिली. अशी कुणाचाही चेहरा न उतरवता फ्लेक्सवरची वर्दी उतरली होती.

हवालदार भाचीला विचारत होते. ती त्यांच्यासमोर ताठ उभी होती, साधा पंजाबी ड्रेस, केस घट्ट बांधलेले.

“कुणी कापला ह्यो?”

“मी, साहेब.”

“का?”

“माझ्या अंगावर पोलिसाचं जाकीट होतं त्याच्यात. तारे होते. खेळातलं होतं. पन ऑर्डर मिळाली न्हाई मला. ती वर्दी माझी न्हाई अजून.”

कुणी तिला हे बोलायला शिकवलं नव्हतं. तिला गप्पही बसता आलं असतं, भोकात काय होतं ते हवालदारांनी पाहिलंच नव्हतं. मणी लागल्यावर आपणहून हात वर करावा तसं ती बोलली. मला मात्र वाटलं, पोरी, आता कशाला सगळं सांगतेस.

“कापल्यालं कुठं हाय?” हवालदारांनी विचारलं.

भाचीने घरातून घडी आणली आणि पारावर उलगडली. बिनमुंडीची पोलीस पारावर आडवी पसरली. हवालदारांनी बंदुकीवर बोट ठेवलं. “आन् ही?”

मग मी पुढे झाले. मी कोण, काय खेळतो, कुठे खेळतो, सगळं सांगितलं. डिकीतून पिशवी आणली, बंदूक काढली. हवालदारांनी हात पुढे केला आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, “साहेब, आधी चष्मा.”

 भावाने माझ्याकडे असं पाहिलं की आता ही बाई आम्हाला घेऊन बुडणार. हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं, फ्लेक्सच्या कोपऱ्यातल्या माझ्या चष्म्याकडे पाहिलं, आणि कप खाली ठेवला. “द्या,” म्हणाले. त्यांनी टोपी काढून चष्मा घातला. सुभेदारांनी नारिंगी टोपण दाखवलं, मणी दाखवला, कुठे धरायचं ते दाखवलं. हवालदारांनी वहिनीने आणून ठेवलेल्या बेदाण्याच्या रिकाम्या खोक्यावर नेम धरला. टप्प असा आवाज झाला. मणी पुठ्ठ्यावर आपटून उडाला आणि मंडळाच्या पोरांत जाऊन पडला.

“लागला,” शेडमधला खेळ जाळीतून बघितलेला त्यांच्यातला एक म्हणाला. पोरं हसली, वहिनी पदराआड हसली, आणि हवालदारही चष्म्याच्या आत हसले.

मग चष्मा काढून त्यांनी पारावरच्या तुकड्याकडे बराच वेळ पाहिलं. त्यांच्या बाहीवर हवालदाराच्या तीन फिती होत्या. खांद्यावर काही नव्हतं. “दोन तारे,” ते म्हणाले. “माझी सगळी नोकरी झाली, एक बी न्हाई आला.” हे ते रागाने म्हणाले नाहीत. आठवण निघाल्यासारखं म्हणाले. आमचा भाऊ मात्र हे ऐकून खाली बसला. मला वाटतं, त्या वेळी त्याला पहिल्यांदा कळलं की आपण पोरीच्या खांद्यावर काय चढवलं होतं.

“ह्यो आसाच वर आसता,” हवालदार भाचीला म्हणाले, “तर मला लिवायला लागलं आसतं. पुढं कुनी काय केलं आसतं त्ये माझ्या हातात न्हवतं. कापलास त्ये ब्येस केलंस. आन् इचारल्यावर खरं सांगितलंस.” मग त्यांनी कागद काढला, पारावरच्या चार माणसांना नेहमीचे प्रश्न विचारले, पोरगी कशी, घर कसं, कुठली भानगड. चारही माणसं एकदम बोलायला लागली. हवालदारांनी लिहिलं, सह्या घेतल्या. जाताना सुभेदारांना रामराम केला, आणि मोटारसायकलला किक मारता मारता मला म्हणाले, “चष्म्याचं लय कडक हाय तुमचं.”

गाडी वळणापलीकडे गेली आणि माझा जीव भांड्यात पडला. मी पारावरच बसले. इतकं हलकं मला कारखान्याच्या कुठल्या तपासणीनंतर वाटलं नव्हतं. हसायला येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. भाची शेजारी येऊन बसली, तिचे हात गार पडले होते.  मी तिचे हात चोळत बसले. वहिनीने सगळ्यांना पुन्हा चहा टाकला. मंडळाची पोरं कापलेला तुकडा घेऊन कुठे टाकायचा ते विचारायला आली, तेव्हा सुभेदारांनी छाटणीची कात्री मागून घेतली आणि त्याचे बारीक बारीक तुकडे केले. मग बिस्किटांचा डबा उघडून त्यातल्या पट्ट्यांचे आणि फितींचेही केले. नव्या इंजिनीयरला मी सोमवारी रिकामा डबा दाखवला. 

नेमणुकीचा कागद आला. भाची प्रशिक्षणाला गेली. आमचा नियम आता शेडच्या आतही आहे, आणि खेळ चालू असताना मोबाईलही डब्यात जातात.

पहिल्या सुट्टीला ती एसटीने घरी आली ती साध्या कपड्यांत. वर्दी इस्त्री करून बॅगेत होती. मंडळाची पोरं फोटोसाठी आली, सरपंच आले. ती म्हणाली, ड्युटीवर नाही, घालणार नाही. सगळ्यांना वाटलं बाप रागवेल.  रात्री जेवताना तिने वर्दी घडी न मोडता बॅगेतून काढून त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने आधी हात धुतले आणि मग त्या घडीवरून हात फिरवला.

यंदा पावसाळा सरताना आम्ही पुन्हा तासगावला गेलो. फ्लेक्स जुना झाला की आमच्याकडे तो फेकत नाहीत, कुठेतरी झाकायला लागतो. भावाने तो मंडळाकडून रीतसर मागून आणला होता आणि शेडच्या पश्चिमेला, पावसाची झड येते त्या बाजूला, ताणून बांधला होता. सरपंच फिके पडले होते, माझा चष्मा पुसट झाला होता. मधल्या भोकातून उन्हाचा मोठा कवडसा आत येत होता आणि गुंडाळून ठेवलेल्या जाळ्यांवर पडला होता. जोराची सर आली की त्यातून पाणीही आत येत असणार, हे मला लगेच दिसलं. खोट काढणं माझा धंदाच आहे.

“अरे, एवढं बांधलंस, मग ते भोक तरी शिवून घे,” मी भावाला म्हटलं. “पुढं बेदाणा भिजंल तुझा.”

तो जाळीला टेकून उभा होता. त्याने त्या भोकाकडे पाहिलं.

“ऱ्हाऊ दे आक्का,” तो म्हणाला. “पोरगी तिथनंच गेली.”